गार पाणी

तासगावच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये, तिसऱ्या चेंबरच्या
उत्तरेकडच्या भिंतीवर तू होतीस.
इलाही मुलाणीनं बॅटरी मारली.
"पाच वर्षं पुसतोय मॅडम, परत येतीया.
एवढ्या गारठ्यात हिचं काय पिकतंय, कळंना."

बेदाण्याचे बॉक्स छतापर्यंत,
माझा श्वास माझ्याच चष्म्यावर.
कापसाच्या बोळ्यानं टिपून घेतलं तुला:
राखाडी, कडेला हिरवट,
ओल्या बारदानाचा वास.

सांगलीत आणून दुधाच्या प्लेटवर पेरलं.
फ्रीजचा खालचा कप्पा, शेजारी कुणाचातरी डबा.
बाकीच्या प्लेटा निजून राहिल्या.
अकराव्या दिवशी तुझ्याभोवती
दुधाला स्वच्छ गोल पडला होता,
त्यातून खालच्या वहीची निळी रेघ दिसली.

विकर. दहावीच्या पुस्तकातला शब्द.
पेपरात दोन मार्कांना यायचा.
बहुतेक विकरांना ऊब लागते,
गारठ्यात ती अंग चोरून बसतात.
तुझी सैल असतात, वाकतात,
डागाच्या कुशीत शिरून त्याचे तुकडे करतात,
आणि पाणी तापलं की
त्यांची घडीच मोडते.

अंग चोरणं म्हणजे काय
हे मी हरिपूरच्या घाटावर पाहिलं होतं.
पौषातली पहाट, कृष्णेवर वाफ,
आणि आईची बोटं तिचं ऐकायची नाहीत.
मग ती कोपरातून आपटायची
हळदीच्या पेठेतल्या हमालांचे सदरे,
पाठ, खांदे, पोत्याचा ठसा,
पिवळ्यावर पिवळं.
सोडा लागला की ते पिवळं लाल व्हायचं
आणि आम्हा पोरींना वाटायचं, रक्तच आलं.

पहिली बाटली मी तिलाच दिली.
चिठ्ठी नाही, नाव नाही.
तिनं वास घेतला. दोन बोटांत चोळून बघितलं.
"फेस न्हाई. वास न्हाई.
मग काम करतंय कोण?"

कॉलरचं तेल गेलं.
नातवानं ओकलेलं दूध गेलं.
डॉक्टरीणबाईंच्या कोटावरचं रक्त,
तेही गेलं, पंधरा अंशांच्या पाण्यात.
मी तापमान मोठ्यानं वाचून दाखवलं.
इंधन वाचतं, म्हणाले. वीज वाचते.
पुण्याच्या कंपनीला दाखवायच्या तक्त्यात
हाच रकाना सगळ्यात रुंद होता.

आई हात पुसत होती.
पदराला, मग पुन्हा पदराला.
"मशीनला बरं हाय गं.
गार पाण्यात डाग जातोय, खरं.
त्या गार पाण्यात हात कुणाचं?"

तक्त्यात याला रकाना नव्हता.

दोन महिने मी तापमान सोडून
नुसती वेळ बदलत राहिले.
एक तास. तीन तास. अख्खी रात्र.
मग एका संध्याकाळी बादली भरून तिला म्हटलं,
कपडे टाक, औषध टाक, झाकण ठेव,
सकाळपर्यंत बोट घालायचं नाही.
"आणि चोळायचं?"
नाही.
"आपटायचं?"
नाही गं.
तिला ते पटलं नाही. जेवताना दोनदा उठून
झाकण उचलून बघून आली.

रात्री मला जाग आली.
मोरीत बादली अंधारात गप्प.
आई गोधडीत, हात दोन्ही मांड्यांत दाबून,
अजून तशीच झोपते.

सकाळी तिनं पिळून सगळे सदरे पसरले.
तरी सवयीनं दोनदा आपटलेच,
मी न बघितल्यासारखं केलं.
हमालाच्या सदऱ्याला बाकी काही उरलं नव्हतं,
फक्त हळद.
"ही तुझ्या बुरशीला खाता येत न्हाई व्हय?"
नाही.
"मग उन्हाला ठेव. त्येला तेवढंच जमतंय."

मुलाणीचा फोन आला दुपारी.
तपासणी होती, ब्लीच मारून भिंत घासली त्यानं.
"मापी करा मॅडम, आता तुमची न्हाई सापडायची."
मग जरा थांबून,
"खरं पावसाळ्यापर्यंत येतीया बघा."

तक्ता भरायला बसले.
तेल, दूध, रक्त : उत्तम.
हळद : परिणाम नाही.
खिडकीतून दोरी दिसत होती.
सदऱ्याची पाठ उन्हाकडे,
खांद्यावर पोत्याचा चौकोन
सकाळपेक्षा फिका.