पासष्टावा चौकोन

ऐरोलीच्या बी.एड. कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर,
दाबके मॅडमनी आठ बाय आठचा पुठ्ठा
आमच्यादेखत चार तुकड्यांत कापला
आणि तेच तुकडे तेरा बाय पाचात बसवून दाखवले.
चौसष्टचे पासष्ट.
"दिसतंय ना? मग लिहा, सिद्ध झालं."
आम्ही लिहिलं.
सदतीस भावी शिक्षकांनी, खाली दोन रेघा ओढून.

फक्त मुमताज मुकादमने ते तुकडे काचेवर दाबून धरले.
कर्णाच्या कडेनं खाडीवरचं ऊन
सुईएवढं आत आलं.
एक तिरपी आठात तीन चढते, दुसरी पाचात दोन;
दोघींच्या मधे
अख्खा एक चौकोन लांबडा होऊन झोपला होता.

महिनाभर मी कुठल्याच चित्रावर विसंबलो नाही.
पायथागोरसच्या आकृतीलाही विचारलं,
तू काय दडवलंयस?

मग दिघ्याच्या पालिका शाळेत सराव पाठ.
सातवी ब. विषम संख्यांची बेरीज.
बाबा लाद्या बसवतात, त्यातले उरलेले तुकडे
पिशवीतून नेले होते.
एक. त्याला कवेत घेऊन तीन. मग पाच. मग सात.
दर वेळी चौरस.
लाद्या संपल्या.
"बघा, नेहमी असंच होतं," मी म्हणालो
आणि माझा आवाज मलाच पुठ्ठ्याचा वाटला.

खिडकीजवळची करुणा वाघे म्हणाली,
"नऊला पण होईल, कशावरून?"
मागच्या बाकावर मॅडमचं पेन थांबलं.

वीसपैकी अकरा.
शेरा: साहित्य उत्तम. सिद्धता?

रात्री घणसोलीच्या घरात बाबा पाय शेकत बसलेले.
विचारलं, तर जमिनीवर बोटानं काटकोन काढला.
"कोपऱ्याला एक.
मग या हाताला मागच्या फेरीपेक्षा एक जादा,
या हाताला एक जादा.
झाली फेरी.
हॉल केवढा का असेना, मी कशाला बघू?"

मी त्या बोटाकडे बघत राहिलो.
चार फेऱ्या मी मांडल्या होत्या,
आणि ही पाचवी नव्हती,
कितवीही होती.

"आणि मधे फट राहिली तर?"
"ती डोळ्याला नाही कळत," ते म्हणाले,
"नख फिरवावं लागतं."

सोमवारी सातवी ब मध्ये
तीनच लाद्या नेणार आहे:
एक कोपऱ्याची, दोन टोकांच्या.
बाकीच्या करुणानं
डोळे मिटून बघायच्या.