सात वाजताची नळी

पहाटे पाचला, डोळे उघडताक्षणी
शाल्मलीच्या गालात कापसाची सुरळी.
दोन मिनिटं धरायची, गिळायची नाही.
छताकडे बघत ती म्हणत राहते, "जालं का? जालं का?"
मग नळी, लेबल, वेळ, फ्रीजर.
सुरमईच्या तुकड्या, मोडाची मटकी,
आणि मधोमध माझ्या लेकीची सकाळ
बर्फ होत.

सिस्टर लिसम्मा कागदावर रेघ काढून दाखवते:
सगळ्यांचं पहाटे चढतं,
मग घसरगुंडीवरून उतरत
रात्री वाळूला टेकतं.
शाल्मलीचं उतरायला विसरतं.
"एका क्रोमोसोमचं टोक नाजूक आहे," ती म्हणते,
इतक्या हळू, की जणू बोलण्यानंच तुटेल.

ते टोक माझ्याकडचं.
नाक, हनुवटी, चालणं, सगळं सासरचं घेतलं पोरीनं.
माहेरची एवढी एकच वस्तू.

तिचे बाबा अल्युमिनियमच्या भट्टीवर, रात्रपाळीला.
दिवसा खिडकीला चिकटवलेल्या फॉइलमागे झोपतात.
"माझी रेघ उलटीच निघेल," म्हणतात,
आणि कूस बदलतात.

शाळेत कुणी नाव विचारलं
की ती त्यांच्या शर्टाच्या बटणाला उत्तर देते.
पाहुणे आले की मनगट चावते.
पाहुणे फार येत नाहीत आता.

गुरुवारी संध्याकाळी सोहारच्या किनाऱ्यावर गेलो.
वारा पडलेला, लाटसुद्धा कोमट.
होडीच्या आडोशाला एक म्हातारा जाळं सोडवत होता.
त्यानं वर पाहिलं नाही.
नाव विचारलं नाही.
जाळ्याचं एक टोक फक्त तिच्याकडे सरकवलं.

ती बसली.
एक गाठ सुटली, दुसरी सापडली.
मगरिबची बांग झाली, तो उठला,
नमाज पढून परत आला,
ही तिथंच. चावायला हात मोकळे नव्हते.

पर्समध्ये नळी होती.
सात वाजलेले मला दिसत होते.
सव्वासातही.

रविवारी लिसम्मानं नळ्या मोजल्या,
गुरुवार, सात, या चौकोनात फुली मारली
आणि पाचच्या ठिपक्यापासून दहाच्या ठिपक्यापर्यंत
पट्टी लावून सरळ रेघ ओढली,
उंचच्या उंच,
मधे काही घडलंच नव्हतं अशी.

मी गप्प.
शाल्मली तिच्या बटणाला विचारत होती,
"जाळं कधी?"