लसणाचं वर्ष

मार्च उतरणीला लागला की
शुब्रातल्या आमच्या गल्लीत फत्हीची गाढवगाडी यायची,
पातीसकट लसूण, मुळ्यांना अजून चिखल.
वरच्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली
माझ्या खिडकीसमोरून सरसरत खाली.
टोपलीत पैसे, पैशांवर दगड,
आणि मागोमाग इन्साफखालाचा आवाज:
"ओला देऊ नकोस, मेल्या. मान दाबून बघ.
मान मऊ, तर आत पाणी."

वीस किलो. एकट्या बाईला.
मुलगा कुवेतला, नवरा भिंतीवर चौकटीत,
आणि लसूण सहा माणसांचा.
तिच्या हातांना कुणी नवा हिशेब सांगितलाच नव्हता.

मग पंधरा दिवस
माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर टरफलं,
पांढरी, जांभळट, फुंकरीनेसुद्धा पळणारी.
नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात एक,
बाळाच्या दुपट्यावर चार.
मी मान वर करून ओरडायचे,
ती कठड्यावरून वाकून म्हणायची,
"वास तर चांगला येतोय ना?"
यायचा. खोटं कशाला बोलू.

माझा लसूण दुकानातला,
सोललेला, डब्यात, फ्रिजमध्ये.
आठ दिवसांत बुळबुळीत, पिवळा.
झाकण उघडलं की शेजारचं लोणीसुद्धा बाटायचं.

शुक्रवारी दुपारी वरून हुंदक्यासारखं काहीतरी यायचं.
हुंदका नव्हे.
मुलुखियाच्या हिरव्या रश्शात
तुपात परतलेला लसूण आणि धणे ओतताना
श्वास आत ओढायचा असतो, मोठ्याने, दचकल्यासारखा.
नाहीतर चव उतरत नाही, सगळ्याच म्हणतात.
का, ते एकही सांगत नाही.
मी नेहमी विसरायचे.

त्या वर्षी टोपली उतरली,
फत्हीने भरली, पाच खेपांत वर गेली,
आणि नंतर काहीच पडलं नाही.
कपडे स्वच्छ. दोन शुक्रवार गेले.
तिसऱ्यालाही वर कुणी दचकलं नाही.

दार नुसतं लोटलेलं.
खाला खुर्चीत, मांडीवर हात,
आल्याच्या कुड्यांसारखी सुजलेली बोटं.
कोपऱ्यात लसूण, प्लास्टिकच्या गोणीतच,
घाम फुटलेला,
तळाचे गड्डे काळे पडत चाललेले.
"वेणी घालता येते का तुला?"
"केसांची."
"तीच ती. फक्त ही रडत नाही."

बाहेर खमसिनचं पिवळं वारं, धूळ दातांत.
"हेच वारं लागतं. ऊन नको, ऊन शिजवतं.
पात कापू नकोस. धुवायचं तर नावच काढू नकोस,
मातीचा कोट राहू दे अंगावर.
दर पेडाला नवा गड्डा घाल, घट्ट,
अगं, एवढा घट्ट नाही,
दोघांमधून वारा जायला हवा.
बटाट्यांशेजारी टांगायचा नाही.
खरचटलेला बाजूला काढ, तो आधी खायचा.
जखमी ठेवून ठेवून बरा होत नाही."
हे ती लसणाबद्दलच म्हणाली.
मी विचारलं नाही.

अकरा वेण्या झाल्या, माझ्या सगळ्या तिरक्या.
तिने पाच मला दिल्या,
मग एक परत मागितली, मुलगा यायचाय म्हणून.

तो आला नाही.
जानेवारीत शेवटची वेणी उतरवली
तेव्हा दर तिसरा गड्डा हलका, आत नुसता कागद.
पाकळी उभी चिरली की मधोमध हिरवा दोरा.
"कडू असतो," म्हणत ती सुरीच्या टोकाने उपसायची.
कोंब बाहेर आलेल्या पाकळीला मात्र सुरी लावायची नाही;
तुपाच्या जुन्या डब्यात, गच्चीवरच्या मातीत खोचायची.

गेल्या शुक्रवारी मुलुखिया माझ्याकडे होती.
पातेल्यावर वाकले, चर्र करत लसूण ओतला,
आणि विसरले.

वरून, छतापलीकडून,
खालाने श्वास ओढला.