प्रोजेक्टरचा काळा

ओस्त्राव्हात, कोळसा धुण्याच्या जुन्या शेडमध्ये
आमचं थिएटर. एकशे बारा खुर्च्या,
त्यातल्या चार मोडक्या.
मी क्यू देते. हेडसेटवर माझा आवाज असतो,
बाकी मी कुणाला दिसत नाही.

राडानाने प्रागहून प्रोजेक्टर आणला, वीस हजार ल्युमेनचा,
तान्ह्या पोराला आणावं तसा घोंगडीत गुंडाळून.
मागच्या भिंतीची वीट न् वीट तिने मोजली,
लॅपटॉपमध्ये तीच भिंत पुन्हा बांधली,
आणि पहिल्याच दिवशी पाडून दाखवली.
विटा ढासळल्या, धूळ उडाली,
यान्चोवाबाई झाडू घेऊन दोन पावलं पुढे आल्या
आणि थबकल्या.

झ्बिन्येक दिवेवाला. तीस वर्षं शिडीवर,
उतरतो तो फक्त सिगारेटसाठी.
त्याने समोरून दिवा टाकला की राडानाची भिंत फिकट,
पाणी जास्त झालेल्या चहासारखी.
तिने दिवा कमी करायला लावला की नटाचा चेहरा गायब.
पाच दिवस दोघं माझ्या कानात भांडले.
"तुझा उजेड माझ्यावर सांडतोय."
"मग नट काय भिंत बघायला उभा केलाय?"
मी म्हणायचे, क्यू चौदा, तयार राहा.

शेवटी त्याने दिवे बाजूला नेले, गुडघ्याच्या उंचीवर,
लोखंडी झडपा चिमटून उजेडाची एक पट्टी कापली.
ओताकार तेवढ्या पट्टीतून चालायला शिकला,
बांधावरून चालावं तसा.
एक पाऊल मागे पडलं
की त्याच्या कपाळावर विटा उमटायच्या.
वाटलं, मिटलं भांडण.

पण क्यू एकेचाळीस.
नाटकात खाण कोसळते, आणि मग अंधार.
राडानाने काळी फ्रेम लावली. मी म्हटलं, गो.
सगळे दिवे गेले.
शिडीवरून झ्बिन्येक म्हणाला, "हा अंधार नाही."
नव्हताच. भिंतीवर एक करडा चौकोन उरला होता,
दार लावल्यावरही फटीतून कुणी बघत असावं तसा.
"यापेक्षा काळं हे यंत्र होत नाही," राडाना म्हणाली,
"काळासुद्धा ते उजेडानेच रंगवतं."

झ्बिन्येक बराच वेळ गप्प.
मग हेडसेटवर, म्हणजे जवळजवळ माझ्या कानातच,
"माझा बाप एकोणीस तास खाली होता.
वर आल्यावर आईने विचारलं, काय दिसत होतं.
तर म्हणाला, डोळे उघडे आहेत की मिटलेत
ते बोट लावून बघावं लागायचं."

त्यावर कुणी काही बोललं नाही. कॉफी गार झाली.
राडाना रात्री अडीचपर्यंत मेनू चाळत बसली,
कॉन्ट्रास्ट, गॅमा, आणखी काय काय.

सकाळी येऊन बघते तर
प्रोजेक्टरच्या भिंगापुढे बिस्किटाच्या डब्याचं झाकण,
काळ्या रंगाचे दोन हात दिलेलं,
बिजागरी यान्चोवाबाईंच्या कपाटाची,
आणि छतावरून माझ्या टेबलापर्यंत एक दोरी.
कुणी केलं, ते दोघंही सांगेनात.
राडानाच्या नखांत काळं होतं.
झ्बिन्येक त्या दिवशी शिडीवरून दोनदा उतरला, सिगारेट न ओढता.

तेव्हापासून क्यू एकेचाळीस हाताने होतो.
संगणकाच्या यादीत त्या जागी नुसती रिकामी ओळ आहे.

पहिल्या प्रयोगाला मी दोरी ओढली.
तिसऱ्या रांगेत कुणाच्या तरी घड्याळाचे
रेडियमचे काटे चमकले,
त्याने मनगट कोटाखाली घेतलं.
मग काहीच नाही.
अकरा सेकंद. मी मोजत होते, मला मोजावंच लागतं.
सातव्याला लक्षात आलं,
दुसऱ्या हाताचं बोट माझ्या पापणीवर होतं.

क्यू बेचाळीस उशिरा गेला.
प्रयोगाच्या नोंदवहीत लिहिलंय:
दोन सेकंद, चूक माझी.