पाताळचा जावई

माझी मेल्पो दर गुरुवारी
हेडीसला नवा शर्ट घालते.
ऑक्टोबरात एकदा फिकट जांभळा घातला,
बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या,
मनगटावर वंगणाचा डाग.
मृतांच्या राजाला वंगण कशाला लागतं,
हे मी विचारलं नाही.
काही गोष्टी आईनं मूग गिळून बघायच्या असतात.

एलेफसिनात आमचं किराणा दुकान.
मागे देवीचे पडके दगड,
ते बघायला लोक लांबून बसने येतात
आणि माझ्याकडून पाण्याची बाटली घेतात.
पुढे खाडी, खाडीत गंजून कललेली जहाजं,
आणि रिफायनरीची ज्योत, रात्रभर जागी.
इथूनच नेलं म्हणे त्या पोरीला.
गुहा काही फार मोठी नाही,
माझ्या गोदामात जास्त अंधार आहे.

मेल्पोच्या चित्रकथेत कुणी कुणाला पळवत नाही.
तिची पर्सेफनी लिफ्टमध्ये चुकीचं बटण दाबते,
उणे नऊ.
दार उघडतं तर एक लाजाळू माणूस
तीन डोक्यांच्या कुत्र्याला
तीन चमच्यांनी औषध पाजतोय.
"जरा धरता का? मधलं तोंड चावतं."
एवढ्यावर प्रेम!
चाळीस हजार लोकांनी बदाम पाठवले.

मग डिमीटर येते. केसांना रोलर, हातात लाटणं.
रोलर माझे आहेत.
हनुवटीवरची चामखीळसुद्धा माझीच.
वाचकांना प्रश्न पडतो, ही बाई सारखी मध्ये का कडमडते?
मी चष्मा पुसून अंगठ्यानं वर वर सरकवत जाते,
बटाटेवाला पैशासाठी ताटकळतो,
मी शोधत असते एखादी चौकट
जिच्यात ती आई नुसती बसली असेल.
नाही. प्रत्येक चौकटीत ओरडते.
जगभरचं धान्य करपतं, तेही हसण्यासारखं.

झाफिरिस तेलवाहू जहाजावर असतो, इंजिनाच्या खोलीत.
सहा महिने खाली, सहा महिने वर.
वर आला की दोन दिवस उन्हात डोळे मिचकावतो,
टोमॅटो निवडताना इंजिनाच्या सवयीनं ओरडून बोलतो,
मग स्वतःच दचकतो.
मेल्पो तेव्हा नेमकी मागच्या खोलीत
पेन्सिलीला टोक करत असते.
तासभर.

नोव्हेंबरात माझ्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध.
गहू उकडले, मनुका, पिठीसाखर,
बदाम (खरे, खायचे),
आणि एक आख्खं डाळिंब सोलून घातलं.
चर्चमधून परतलो तर हा दारात,
कडक इस्त्रीचा शर्ट.
फिकट जांभळा.
हातात फुलं नाहीत, पाना.
"फ्रिज आवाज करतो म्हणे!" गल्लीभर ऐकू गेलं.

वाटी दिली. उभ्यानंच संपवली.
आणि ज्या माणसाला तो कधी भेटलाच नाही
त्याच्या नावाचे गहू खाऊन
हळू, खरोखर हळू आवाजात म्हणाला,
"अजून मिळेल थोडं?"

पोरगी त्याच्या कानांकडे बघत होती,
पुढच्या भागात लागणार होते म्हणून असेल.
मोजत मी होते.
पहिल्या वाटीत डाळिंबाचे नऊ दाणे,
दुसरीत मुद्दाम मूठभर.
नियम जुना आहे, आमच्याच गावचा,
ज्या घरचे दाणे पोटात गेले
त्या घरी परत यावंच लागतं.
पाताळाचा तेवढा हक्क का म्हणून?

सोमवारी तो खाली गेला.

गेल्या गुरुवारी डिमीटर बसथांब्यावर होती.
रोलर नाहीत, लाटणं नाही.
मांडीवर झाकलेली वाटी,
चौकटीत एक शब्द नाही.
चामखीळ मात्र आहे तिथेच आहे.
बदाम फार कमी आले म्हणे.

मी फोन फ्रिजला टेकवून ठेवला
आणि गिऱ्हाइकांकडे वळले.
फ्रिज आता आवाज करत नाही.