पासंग

भुसार बाजारात मी तोलणार आहे,
बापानंतर त्याच गाळ्यांपुढे, गुलटेकडीला.
बाप सांगायचा, काटा थरथरत असताना वाचू नये.
शेतकरी घाई करील, आडत्या डोळे वटारील,
तू थांब.
मापात पाप नको.

राजनंदिनी झाली तेव्हा अख्खी गल्ली म्हणाली,
पोरगी लाखात एक.
डॉक्टरांनीही तेच सांगितलं,
फक्त लाखाच्या जागी दहा लाख.
बंगळूरहून आलेला रिपोर्ट नऊ पानांचा,
आजाराचं नाव दोन ओळींचं.
हातातल्या पट्टीवर मात्र तिचंच नाव पुरं मावलं नाही :
राजनंदि.
मी पेनाने पुढचा 'नी' काढला.
स्पंजिंगमध्ये पुसून गेला.
पुन्हा काढला.

गावाकडे ह्याला आकडी म्हणतात.
माझ्याकडे नुसते आकडे,
लाल पुठ्ठ्याच्या त्याच वहीत, मागून गूळ, पुढून ती :
तीन दहा, चाळीस सेकंद, डावा हात.
तीन बावन्न, सव्वा मिनिट, डावा हात आणि ओठ.

आत एकालाच सोडतात.
वैजयंता जिन्याखाली चटईवर असते,
पाळी बदलताना गाठ पडते.
ती विचारते, लघवी झाली का?
मी सांगतो, दोनशे दहा.
इतकं मायेचं आम्ही लग्नातही बोललो नव्हतो.

काल रात्री नवं औषध चढवायचं होतं,
किलोमागे वीस मिलिग्रॅम.
वॉर्डातला काटा बंद, सेल गेलेले.
डॉक्टर पोरसवदाच होती. म्हणाली,
फाईलमधलं वजन धरू या, चौदा शंभर.
मी म्हटलं, त्याला सव्वीस दिवस झाले. थांबा.

जेसी सिस्टरने नळ्या सावरल्या.
मी हात घातले, एक मानेखाली, एक गुडघ्यांखाली.
गुळाची ढेप उचलतात तसं नव्हे,
पण हात तेच.
तेरा सहाशे, म्हटलं.

खालच्या मजल्यावरून काटा आला.
तेरा सहाशे चाळीस.
वरचे चाळीस वायरींचे, मी म्हटलं, कडता धरा.
जन्मात कधी कुणाचा कडता कापला नाही,
आणि इथे मीच मागितला.
तिघंही हसलो, तिच्या खाटेभोवती, रात्री दोनला.
मग लाज वाटली.
मग नाही वाटली.

अर्धा किलो कुठे गेला, हे कुणी विचारलं नाही.
बाजारात अर्ध्या किलोवरून हातघाई होते.

जुन्या तराजूला पासंग असायचा,
पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा,
नाहीतर दांडीला चिंधीची गाठ.
खोट मुळातच असायची, घडवणाऱ्याच्या हातून राहिलेली,
समोरच्या बाजूला एवढंसं काही बांधायचं
आणि दिवस काढायचा.
डॉक्टर म्हणतात, जन्मापासूनचं आहे, कुणाचा दोष नाही.
वैजयंता तरी आठवत बसते,
पाचव्या महिन्यात खाल्लेली पपई,
ग्रहणात चिरलेली भाजी.
मी तिला पासंग समजावून सांगतो.
ती ऐकते. मग म्हणते,
पण काय बांधायचं, ते सांगा.

पाच वाजत आले.
खाली स्वारगेटकडे जाणारी पहिली बस
रिकामी, सगळे दिवे लावून.
यार्डात कराडच्या गुळाची गाडी लागली असेल.
बदली माणूस काटा पुसून घेतो की नाही कोण जाणे.

तिचा डावा हात सुरू झाला.
मी घड्याळ लावतो.
वीस. तीस.
सिस्टर पडद्याकडे बघते, मी बोटांकडे.
काटा थरथरत असताना वाचू नये.
वाचत नाही. थांबलोय.
पन्नास. साठ.

बापाला एक विचारायचं राहून गेलं :
जास्तीत जास्त किती वेळ?