पान एकशे बारा

मुलीच्या व्हॅलिडिटीसाठी
एकसष्टच्या आधीचा कागद हवा होता.
तीन खेपा वाया. चौथ्या खेपेला
बोरकर बाबूने रेकॉर्ड रूमचं कुलूप काढलं,
मोहटोल्याचं कोतवाल बुक पुढ्यात आपटलं:
"शोधा तुमचं तुम्हीच. फाडू नका."

जन्म. मृत्यू. जन्म.
देवी, पटकी, बाळंतपण, पान लागलं.
एक वाघाने नेला,
एक तेंदूच्या झाडावरून पडली.
मग सन चव्वेचाळीस, जानेवारी,
आणि कोतवालाचं अक्षर एकाएकी मोठं,
पहिल्यांदाच पाटी धरल्यासारखं.

नाव: माहीत नाही.
नाव: माहीत नाही.
अशा अकरा ओळी. बारावी लिहून खोडलेली;
दोन्ही हात एकाच माणसाचे
हे मागून कळलं असेल त्याला.
बापाचं नाव: आडवी रेघ.
जात: इथे टाक बराच वेळ टेकवून ठेवला असावा,
मसुराएवढा डाग.
कारण: दोन विमाने आपसात लागून, आभाळातून.

नुसतं आभाळातून.
पुढे पडून नाही, मरून नाही.

आमच्या घरी ही गोष्ट होती,
पण गोष्टीसारखीच, झोप येईपर्यंतची.
खळ्यावर रातभर धान चुरत होते,
बोडीवरून धुकं उठत होतं,
उगवतीकडून घरघर आली, रोजचीच.
संध्याकाळी जाताना जड वाजायची,
पहाटे येताना हलकी,
बाजारातून बंडी रिकामी यावी तशी.
कुणाच्या गावावर रिती झाली,
खळ्यावर कुणी विचारत नव्हतं.
दोन दिवे. एक जरा खाली, एक जरा मागे.
मग एकच दिवा.
बैल पातीतच थांबले.

"कोंबडे बी असे टकरत नाई जी,"
आजा म्हणायचा,
"एवढा आभार होता त्यायच्याजवर."

एक मोहाच्या रानात दुपारपर्यंत जळत राहिलं.
दुसरं आमच्या तलावात, शिंगाड्याच्या वेलांवर.
फौजदाराला यायला दोन दिवस लागले.
मग साहेब लोक ट्रक घेऊन आले,
माणसं नेली, इंजिनं नेली,
एका घड्याळासाठी अख्ख्या टोल्याची झडती घेतली.
एक पत्रा तेवढा गाळात राहून गेला.
त्यावर अजून शिंगाडे वाळवतो आम्ही.
गंजत नाही.

शेऱ्याच्या रकान्यात, उभ्या बारीक ओळीत,
जागा संपत आल्यावर सुचल्यासारखं:
"पैकी तिघे तलावातील.
बारकू वल्द झिंगरू, जात ढिवर, मौजा मोहटोला,
याने जाळे टाकून काढले.
जाळे फाटले. भरपाई नाही."

बाबूने चष्मा वर केला, बोट ठेवलं.
"हे चालते. जात स्पष्ट आहे."
झेरॉक्स, शिक्का, वीस रुपये.
झेरॉक्समध्ये तो डाग
मुळापेक्षा काळा आला.

बसमध्ये मुलीने कागद मांडीवर उघडला.
शेरा वाचला. मग वर सरकली,
एकेक ओळ, बोटाने.
म्हटलं, समितीत विचारतील,
हे वरचे अकरा तुमचे कोण?
काय सांगशील?

खिडकीतून धूळ येत होती.
तिने कागद घडीवर घडी घालून
फायलीत ठेवला, फायलीचं रबर दोनदा ताणलं.
"सांगेन," म्हणाली,
"जाळं आपलं होतं."